बांडीचं दावं

बांडी शेळी देवाला द्यायची हे साळुबाईनं काही गुडघे टेकून, प्रार्थना करून ठरवलं नव्हतं. ते ठरलं कांद्याच्या वाफ्यात, आणि तेही रागाच्या भरात.

नोव्हेंबर सरत आला होता. बेल्ह्याच्या रस्त्यापासून आत असलेल्या त्या वाडीत जिकडे तिकडे कांद्याची लागण चालली होती. पाणी सोडलेल्या वाफ्यात उकिडवं बसायचं, एका हातात रोपांची जुडी धरायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं एकेक रोप चिखलात दाबत मागं सरकायचं. दुपारपर्यंत बोटं पांढरी पडायची आणि कंबर आपली राहायची नाही. साठी उलटलेल्या साळुबाईला हे काम आता झेपत नव्हतं, पण झेपत नाही असं म्हणणं तिच्या रक्तात नव्हतं. तरण्या पोरींच्या बरोबरीनं ती आपला वाफा उरकायची आणि रात्री उताणं पडता येत नाही म्हणून कुशीवर झोपायची.

शेजारच्या वाफ्यात लंकाबाई होती. भीमाशंकरकडच्या डोंगरातली बाई, भात काढून झालं की दरवर्षी मजुरीला इकडं उतरायची. तोंडाची फटकळ, पण मनात काही ठेवायची नाही.

"साळुबाई, तुमच्या देवळातला सण आला म्हनं," लंकाबाई म्हणाली. "मंग औंदा काय? हुलगंच का?"

बाया हसल्या. साळुबाईच्या हातातलं रोप मोडलं.

वाडीत ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. काळ्या दगडाचं, वर पत्रा घातलेलं त्यांचं छोटं देऊळ होतं. कापणीच्या सणाला जो तो आपल्या शेतातलं काही घेऊन यायचा: बाजरी, भोपळा, मक्याची कणसं, कोंबडी. उपासना झाली की त्याचा लिलाव व्हायचा आणि आलेले पैसे मंडळीच्या, म्हणजे देवळाच्याच, कामाला लागायचे. तिथं वस्तूची किंमत कुणी बघत नसे. एखाद्या अंड्यावरसुद्धा चढाओढीनं बोली लागायची, कारण घेणं हेही देणंच होतं.

गेल्या वर्षी साळुबाईच्या कोरडवाहू तुकड्यात काहीच आलं नव्हतं. तिनं वाटीभर हुलगे नेले होते. तिच्या थोरल्या जावेनं, एस्तेरबाईनं, त्या हुलग्यांवर बोली लावली. समोर कुणी नसताना स्वतःच्याच बोलीवर आणखी चढवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग एस्तेरबाईनं ती वाटी सगळ्यांदेखत साळुबाईच्या ओटीत घातली आणि म्हणाली, "घे साळू, तुझ्याच घरी लागतील." लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, कुणीतरी फोटो काढला आणि तो संध्याकाळी मंडळीच्या ग्रुपवर फिरला. फोटोत एस्तेरबाई हसत होती आणि साळुबाई ओटी पसरून उभी होती. ते हुलगे साळुबाईनं कोंबड्यांना टाकले. तेव्हापासून ती जावेशी बोलत नव्हती.

"औंदा बांडी देनार हाय मी," साळुबाई म्हणाली.

हसणं थांबलं. साळुबाईच्या चार शेळ्या होत्या आणि पावसाळ्यापासून तीन बिबट्यानं नेल्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ऊसतोड सुरू झाल्यापासून उसात दडलेली जनावरं वस्त्यांच्या अंगणात दिसायला लागली होती. उरली होती ती एकटी बांडी, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची.

"अवं, दुभती हाय ती," लंकाबाई म्हणाली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

"मंग काय भाकड देऊ देवाला?"

बोलली आणि मग तिला कळलं की आता हे मागं घेता येणार नाही. बाया संध्याकाळी घरी जातील, चूल पेटवता पेटवता सांगतील. तिनं नवीन रोप घेतलं आणि चिखलात इतकं खोल दाबलं की मुकादमाला ते उपटून पुन्हा लावावं लागलं.

घरी सून जयानं ते ऐकलं आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. साळुबाईचा मुलगा सुदर्शन चाकणला कंपनीत कंत्राटावर होता, महिन्यातून एकदा यायचा. घरात या दोघी आणि सहा वर्षांची श्रेया. श्रावणात श्रेयाला निमोनिया झाला होता. आळेफाट्याच्या दवाखान्यातून आणली तेव्हा पोरीच्या बरगड्या मोजता येत होत्या. बांडीच्या दुधावर ती जरा अंग धरायला लागली होती. एस्तेरबाईच्या गोठ्यात दोन गाई होत्या, पण तिकडून दूध आणायचं नाही असा साळुबाईचा हुकूम होता.

"आत्या," जया भाकरी थापता थापता म्हणाली, "देवानं मागितली का बांडी?"

"देव मागत नसतो. आपन द्यायचं असतं."

"मंग कोंबडी द्या. भोपळा हाय येलावर."

"बोलले मी चारचौघींत."

"म्हंजी चारचौघींना द्यायची. देवाला न्हाई."

साळुबाईनं तिच्याकडं रोखून बघितलं. सून बरोबर बोलली होती आणि म्हणूनच तिचा राग आला. "माझ्या नवऱ्यानं शेळी आनली व्हती," ती म्हणाली, "तिची ही नात. मी बघीन काय करायचं ते." तो विषय तिथंच मिटला. श्रेया कोपऱ्यात दुधाचा पेला तोंडाला लावून बसली होती. दुधाची पांढरी मिशी तशीच ठेवून ती दोघींकडं आळीपाळीनं बघत होती.

रविवारी देऊळ उसाच्या शेंड्यांनी आणि झेंडूनं सजलं होतं. वेदीपुढं धान्याची पोती, भोपळे, केळीचे घड मांडले होते. साळुबाईनं बांडीला धुऊन, शिंगांना तेल लावून आणलं आणि बाहेर खिडकीच्या गजाला बांधलं. दाव्याची गाठ तिची नेहमीची, नवऱ्यानं, चिमाजीनं शिकवलेली दुहेरी गाठ. शेळीनं कितीही ओढ घेतली तरी ती आवळतच जायची.

उपासना चालवणारे पाळक तरुण होते, जुन्नरहून मोटारसायकलवर यायचे. त्या दिवशी ते दानावर बोलले. देताना आजूबाजूला कोण बघतंय हे पाहू नये, म्हणाले. ज्याला दिलं त्यालाही मान खाली घालावी लागू नये, असं गुपचूप द्यावं. पुढच्या बाकावर एस्तेरबाई होती. ती पदर तोंडाशी धरून ऐकत होती. साळुबाईनं ते ऐकलं आणि मनात म्हणाली, ऐक बाई, तुलाच सांगतायत. आपल्याला काही सांगतायत असं तिला वाटलंच नाही.

लिलाव दरवर्षीप्रमाणे सावळेराम गुरुजींनी केला. एस्तेरबाईचे यजमान, म्हणजे साळुबाईचे दीर. शाळेतून निवृत्त झालेले, कानानं कमी ऐकणारे, त्यामुळं प्रत्येक बोली दोनदा ओरडून सांगावी लागायची आणि लोकांना त्यातही मजा यायची. भोपळे गेले, कोंबड्या गेल्या. मग बांडी आत आणली.

"साळुबाई चिमाजी यांच्याकडून दुभती शेळी," गुरुजी म्हणाले. सगळं देऊळ साळुबाईकडं वळलं. पाळकसुद्धा उठून उभे राहिले. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. साळुबाई ताठ बसली होती. वर्षभर छातीत रुतलेलं काहीतरी निघून गेल्यासारखं तिला वाटलं. अंगावर जुनंच लुगडं होतं, पण त्या घटकेला ते तिला नवं वाटलं.

टेम्पोवाल्या पप्पूनं बोली सुरू केली. एस्तेरबाईनं चढवली. पप्पूनं आणखी चढवली. एस्तेरबाई मागं हटेना. मिरवते आहे नेहमीसारखी, साळुबाई मनात म्हणाली. शेवटी पप्पूनं हसत हात जोडले आणि बांडी एस्तेरबाईची झाली.

बाहेर एस्तेरबाई खिडकीपाशी दाव्याशी झटत होती. लिलाव झाल्यावर बांडीला पुन्हा गजाला बांधलं होतं, आणि ते साळुबाईनंच. एस्तेरबाईला गाठ सुटेना.

"साळू, ही तुझी गाठ. तूच सोड बाई," ती म्हणाली. एका वर्षानंतर ती पहिल्यांदा थेट बोलत होती, आणि तिच्या आवाजात अजीजी होती.

साळुबाईनं गाठ सोडली आणि दावं तिच्या हातात न देता जमिनीवर टाकलं. एस्तेरबाईनं वाकून ते उचललं. बांडी वळणापर्यंत मागं बघत ओरडत गेली. साळुबाईचा ऊर भरून आला, पण आजूबाजूला माणसं होती.

त्या संध्याकाळी श्रेयानं पेला पुढं केला. जयानं त्यात कोरा चहा ओतला. पोरगी चहाकडं बघत राहिली आणि मग प्यायली. टाळ्यांचा आवाज साळुबाईच्या कानात होता, पण घरात आल्यावर त्याचं काय करायचं हे तिला कळेना. दोन दिवसांनी श्रेयाचा खोकला पुन्हा सुरू झाला.

बुधवारी साळुबाई कामावरून आली तेव्हा दिवस मावळत होता. जया विहिरीवरून पाणी आणत होती. दारातल्या शेवग्याला बांडी बांधलेली होती.

आधी तिला वाटलं, आपले डोळे फिरले. मग बांडी तिच्याकडं बघून ओरडली आणि पुढचे पाय उचलून ओढ घ्यायला लागली. कास भरलेली होती. कुणी बांधली, कधी बांधली, काही पत्ता नाही. ना हाक, ना निरोप. दाव्याची गाठ साधी, ढिली, कुणी शहाण्या शेळीनं ओढून सोडवावी अशी.

जयानं घागर खाली ठेवली. "मोठ्या आत्यांनी आनून बांधली असंल," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून साळुबाईनं तोंड फिरवलं.

"पुन्यांदा ओटीत टाकलं तिनं माझ्या," साळुबाई म्हणाली.

"आत्या, कुनी बगितलं न्हाई. कुनाला सांगितलं न्हाई त्यांनी."

"मला तर कळलं ना."

तिनं गाठ सोडली. जयानं तिचा हात धरला. सून कधी असा हात धरत नसे. "अंधार पडतोय. आत बांधा. सकाळी न्या, मी काय बोलनार न्हाई. आजच्या दिस आत बांधा."

"देवाला दिल्याली शेळी घरात घेऊ? लोक काय म्हनतील?"

एका हातात दावं आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन ती निघाली. वाट उसाच्या कडेनं जात होती. अर्धा ऊस तोडला होता, अर्धा उभा होता. तिनं काठी आपटत, मोठ्यानं खाकरत वाट संपवली. बांडी तिच्या पायाला घासून चालत होती.

एस्तेरबाईच्या घरात दिवा होता, टीव्हीचा आवाज येत होता. साळुबाई अंगणात उभी राहिली. आक्का म्हणून एक हाक मारली असती की झालं असतं. हाक तिच्या गळ्याशी आली होती. पण हाक मारायची म्हणजे जाव बाहेर येणार, काय गं म्हणणार, आत ये म्हणणार. मग काहीतरी बोलावं लागणार, आणि जे बोलावं लागेल ते साळुबाईकडं नव्हतं. गोठ्याला जाळीचं दार होतं, पण त्याची कडी करकरायची. कडी वाजली तरी कुणीतरी बाहेर आलंच असतं.

पाळकांनीच सांगितलं ना, गुपचूप द्यावं, तिनं स्वतःला समजावलं. पाण्याच्या टाकीजवळ भिंतीत एक लोखंडी कडी होती. तिथं तिनं बांडीला बांधलं. जेवणं झाली की गुरुजी बॅटरी घेऊन गोठ्याकडं चक्कर मारतात हे तिला ठाऊक होतं. ते बघतील आणि आत घेतील. ती वळली. बांडी एकदाच ओरडली, मग गप्प झाली.

सकाळी लंकाबाई वाफ्यात पोचायच्या आधी बातमी पोचली. साळुबाई अनवाणीच धावली.

अंगणात माणसं जमली होती. टाकीपासून उसापर्यंत मातीत ओढत नेल्याची खूण होती. कडीला वीतभर दावं लोंबत होतं. वनखात्याचा माणूस पंचनामा करत होता.

"बंदिस्त गोठा असताना शेळी रात्री बाहेर कशी, गुरुजी?" त्यानं विचारलं.

गुरुजींना ऐकू आलं नाही. ते अंगावर घोंगडी घेऊन ओट्यावर बसले होते. त्यांना रात्री कणकण होती, लवकर झोपले होते. एस्तेरबाई कडीपाशी उभी होती. तिनं ते लोंबणारं दावं हातात घेतलं आणि गाठीकडं बघितलं. मग मान वर केली तेव्हा गर्दीत साळुबाई दिसली. दोघींची नजरानजर झाली.

"चुकलं माझं," एस्तेरबाई म्हणाली. "मीच बाहेर बांदली. ध्यानात राह्यलं न्हाई."

"एवढी शिकलेली माणसं तुमी," तो म्हणाला आणि लिहू लागला.

साळुबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. एक शब्द बोलायचा होता. तिथं मंडळीतली माणसं होती, रविवारी टाळ्या वाजवणारी. तो शब्द आला नाही. ती माघारी वळली आणि सरळ वाफ्यात जाऊन बसली. दिवसभर रोपं दाबत राहिली. बोटांच्या भेगांतून रक्त आलं ते तिला दिसलं, पण दुखलं नाही.

दोनतीन दिवसांत वाडीभर झालं. लिलावात मिरवायला घेतली आणि चार दिवससुद्धा सांभाळता आली नाही, असं लोक म्हणाले. साळुबाईच्या तोंडावर तर मुद्दाम म्हणाले, तिला बरं वाटावं म्हणून. तुमचं दान मातीत घातलं बघा त्या बाईनं. साळुबाई पुढचं रोप उचलायची.

जया घरात कामापुरतं बोलत होती. एकदा श्रेयाची पाठ चोळता चोळता ती म्हणाली, "मोठ्या आत्या खोटं बोलल्या. तुमच्यासाठी." एवढंच. श्रेया खोकत होती.

रविवारी एस्तेरबाई पुढच्या बाकावर नव्हती. पार मागं, दाराशी, चपला काढतात तिथं सतरंजीवर बसली होती. साळुबाईला बायांनी पुढं बोलावून जागा दिली. तिथं बसून तिला पाठीवर काहीतरी टेकवल्यासारखं वाटत राहिलं. पाळक काय बोलले यातलं अक्षर तिच्या कानात शिरलं नाही. प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले तेव्हा तिनं वळून बघितलं. एस्तेरबाईनं डोळे मिटले होते आणि तिचे ओठ हलत होते. ती एकाएकी फार म्हातारी दिसली.

सोमवारी साळुबाई कामावर गेली नाही. चांगलं उजाडू दिलं, माणसं उठून अंगणात वावरायला लागू दिली. मग फळीवरची पितळी चरवी काढली, राखेनं घासली आणि निघाली.

उसाच्या कडेनं जाताना तिनं चरवी पदराखाली घेतली होती. वस्तीजवळ आल्यावर ती बाहेर काढून उघड्या हातात धरली. एस्तेरबाईच्या अंगणात ती त्या दिवशी उभी होती तिथंच जाऊन उभी राहिली. कडीला दाव्याचा तुकडा तसाच होता. कुणी तो सोडला नव्हता.

"आक्का," तिनं हाक मारली.

आवाज मोठा निघाला. शेजारच्या ओट्यावर पप्पूची आई धान्य पाखडत होती, तिचे हात थांबले. एस्तेरबाई दारात आली.

"आक्का, श्रेयाला दूध पायजे. माज्याकडं न्हाई."

एस्तेरबाई पायरी उतरून खाली आली. चरवी घ्यायला तिनं हात पुढं केला, पण साळुबाईनं ती लगेच दिली नाही.

"आनि बांडी मी बांदली व्हती हितं. तू न्हाई. मी अंधारात आनली, बांदली आन् गेले. हाक मारली न्हाई." हे तिनं पप्पूच्या आईला ऐकू जाईल असं म्हटलं.

"गाठ बगितली मी," एस्तेरबाई हळू म्हणाली.

"मंग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? गेल्या साली चारचौघांत दिलं तर वरीसभर तोंड फिरवलंस. मला तवा कळलं न्हाई गं, मागनं कळलं. म्हनून औंदा गुपचूप बांदली." एस्तेरबाईचा आवाज फाटला. "मीबी हाक मारायला पायजे व्हती साळू. दारात येऊन तुला हाक मारली असती, भांडली असतीस तू, पन शेळी राह्यली असती."

एस्तेरबाईनं तिच्या हातून चरवी घेतली आणि गोठ्याकडं गेली. जाळीची कडी करकरली. आत दुधाची धार चरवीच्या बुडाशी वाजायला लागली आणि मग हळूहळू तिचा आवाज भरीव होत गेला.

साळुबाई टाकीपाशी खाली बसली. कडीची गाठ सोडवायला गेली, पण दहिवरानं दावं भिजून आवळलं होतं आणि तिच्या बोटांत भेगा होत्या. शेवटचा हिसका बांडीनं किती जोरात दिला असेल ते त्या गाठीत कळत होतं. दुसरी एखादी गाठ असती तर सुटली असती. तिला हुंदका आला आणि तो तिनं आवरला नाही.

एस्तेरबाई चरवी घेऊन आली. "राहू दे ती," ती म्हणाली. "हे धर. गरम हाय तवर ने."

साळुबाई उठली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले. चरवी काठोकाठ भरलेली होती, एका हातानं धरता येण्यासारखी नव्हती. डोळ्यांतलं पाणी गालावरून हनुवटीवर आलं तरी तिला पदर उचलता येईना. पप्पूची आई सूप मांडीवर घेऊन बघत होती. एस्तेरबाईनं स्वतःच्या पदरानं जावेचे डोळे पुसले, आणि साळुबाईनं ते पुसू दिले.